पूर्ण नाव सांगा

कॉलेजात पहिल्या आठवड्यात कुणी शिकवत नाही, ओळखी करून घेतात. सर किंवा मॅडम येतात, हजेरीपट उघडतात, वर्गाकडं एकदा गंभीरपणे बघतात आणि म्हणतात, "आज पहिलाच दिवस आहे, तर प्रत्येकानं उठून स्वतःची ओळख करून द्यायची. नाव, गाव, बारावीचे मार्क आणि छंद." छंद नावाची गोष्ट त्या आठवड्याबाहेर मी कुणाकडंही पाहिलेली नाही, पण त्या आठवड्यात ती सगळ्यांकडं असते. वाचन आणि गाणी ऐकणं. आमच्या मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून "झोपणं" म्हणाला. वर्ग हसला, सर हसले आणि पोरगं त्या क्षणापासून वर्गाचं लाडकं झालं. माझाही छंद तोच आहे आणि त्यात मी त्याला कधीही हरवेन. पण अकरावीत माझी एक मैत्रीण हेच बोलली होती, तेव्हा तिला "मग सासरी कसं व्हायचं तुझं?" असं उत्तर मिळालं होतं. मी मुकाट्यानं "वाचन" म्हणाले.

खरी पंचाईत छंदाच्या कितीतरी आधी होते. मी उठते, नाव सांगते. सर म्हणतात, "पूर्ण नाव."

महाराष्ट्रात पूर्ण नाव म्हणजे तीन शब्द. पहिला माझा. तोही आत्यानं पाळण्याशी वाकून कानात सांगितलेला, पण धरू या माझा. दुसरा बाबांचा. तिसरा बाबांच्या बाबांचा, त्यांच्याही बाबांचा, असा मागं मागं जाणारा. म्हणजे वर्गात मी उभी राहिले की माझ्याबरोबर बाबा उभे राहतात, त्यांच्यामागं फेटे बांधलेल्या बापजाद्यांची अख्खी रांग उभी राहते आणि त्या सगळ्यांच्या वतीनं मी जाहीर करते की मला वाचनाचा छंद आहे. या रांगेत आई नाही. तिला फॉर्मवर खाली वेगळा रकाना आहे. तो बहुतेक वेळा रक्तगटाच्या आसपास असतो.

त्यामुळं इथं मी नाव सांगणार नाही. माझं सांगितलं की बाबांचंही सांगावं लागेल, आणि बाबांच्या परवानगीशिवाय त्यांचं नाव वापरणं मला पटत नाही. माझं नाव त्यांनी मला न विचारता ठेवलं, ही गोष्ट वेगळी.

बाकीचं सांगते. संख्याशास्त्र, दुसरं वर्ष. राहायला पुण्यात, मुलींच्या वसतिगृहात. गाव बार्शी. हे गावाचं नाव घेतलं की समोरचा माणूस, मग तो सर असो, रिक्षावाला असो की दाताचा डॉक्टर, "वा! बार्शी तिथे सरशी!" असं म्हणतो आणि आपल्याला हे आत्ताच सुचलंय अशा आनंदानं माझ्याकडं बघतो. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. हा हसण्याचा सराव पुढं फार कामाला येतो. त्यानंतर "बार्शीतच का आसपासचे?" आणि "मग अमक्या तमक्यांचे तुम्ही कोण?" असे प्रश्न येतात. त्यांच्यातून आडनावाच्या वाटेनं समोरच्याला नेमकं कुठं पोचायचं असतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. तो स्वतःही त्याच वाटेनं गेलेला असतो.

वसतिगृहात हीच ओळख रोज संध्याकाळी फाटकावर द्यावी लागते. नाव, खोली क्रमांक, कुठं जाणार, कुणाबरोबर, परत किती वाजता. "कुठं जाणार" या रकान्यात आमच्या वसतिगृहातल्या सगळ्या मुली रोज झेरॉक्स काढायला जातात. एवढ्या झेरॉक्स खरंच निघत असत्या तर पुण्यात कागद शिल्लक राहिला नसता. मुलांच्या वसतिगृहात असं रजिस्टर आहे का, असं मी वर्गातल्या एकाला विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "आमच्याकडं फाटक आहे का तेच आठवत नाही."

नावाचं हे प्रकरण सरकारच्याही लक्षात आलं, उशिरा का होईना. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव कागदोपत्री असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. आई रक्तगटाशेजारून उठून एकदम वडिलांच्या पुढं येऊन बसली. माझी ही संधी थोडक्यात, म्हणजे वीस एक वर्षांनी हुकली. माझ्या मामेबहिणीची त्याहून थोडक्यात हुकली. तिला मुलगी झाली ती त्याच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. मामी अजून म्हणते, "जरा कळ काढली असतीस तर?" ही सूचना प्रसूतिगृहात कुणी ऐकली असती असं वाटत नाही.

आईला तर स्वतःचं पहिलं नावही टिकवता आलं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि आई त्या नावाची झाली. बाबांचं अक्षर फार वाईट आहे, त्यामुळं नाव नक्की काय लिहिलंय यावरून मांडवात दोन मतं होती, असं मामा सांगतो. शाळेच्या दाखल्यावर आई माहेरची आहे. आधार कार्डावर सासरची आहे. पॅन कार्डावर तिचं नाव सासरचं आहे आणि त्याखाली वडिलांचं नाव माहेरच्या आजोबांचं, कारण पॅन कार्डाला नवऱ्याशी काही कर्तव्य नसतं, त्याला आईवडीलच लागतात. बँकेत केवायसीला हे तिन्ही कागद एकदम टेबलावर ठेवले तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "या तिघी आल्यात का?"

शेवटी आईनं स्टँप पेपरवर लिहून दिलं की वरील सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे. बाबांना ते स्वतःच असल्याचा पुरावा आयुष्यात अजून एकदाही द्यावा लागलेला नाही. ते त्या दिवशी सोबत आले होते आणि बाहेर गाडीवर बसून "किती वेळ लागतो गं तुला एका सहीला" असा फोन करत होते.

पण आमच्या घरातला सगळ्यांत भारी कागद आजीचा आहे. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा म्हणतो की रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख. त्यामुळं कार्डावर आजीचा फोटो आला. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि चेहऱ्यावर "गॅसवर दूध ठेवून आलेय, लौकर काढा" असा भाव. कुटुंबप्रमुख झाल्याची बातमी आली तेव्हा कुटुंबप्रमुख भाकरी थापत होत्या. त्यांनी आजोबांना एवढंच विचारलं, "मग आता रॉकेल मी आणायचं व्हय?"

सातबाऱ्यावर मात्र आजोबाच आहेत. आजोबा ऐन उमेदीत शेतकरी संघटनेत होते, त्यांचा लाल बिल्ला अजून कपाटात आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्याची गोष्ट ते फार रंगवून सांगतात. बायकाच बायका, नजर पोचेल तिथवर बायका! मी एकदा विचारलं, "मग आजी आली होती का?" आजोबा म्हणाले, "तिला कुठलं जमतंय? घरी म्हशी होत्या." पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. अनेक गावांत लोकांनी तो केलाही. आजोबांना तो कार्यक्रम इतका पटला की ते गावोगाव फिरून इतरांना पटवून देत होते. त्या फिरतीच्या नादात तलाठ्याकडं जायला त्यांना सवड झाली नाही.

असं हे माझं कुटुंब, आणि त्या कुटुंबाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ग्रुपचे अॅडमिन काका. काकांचा दिवस गुलाबाच्या फुलावर लिहिलेल्या सुविचारानं सुरू होतो आणि रात्री बायकोवरच्या विनोदानं मावळतो. मधल्या वेळात ते निवृत्त आहेत. बायकोवरच्या विनोदांचे मी प्रकार पाडले. प्रकार पाडणं हाच माझा अभ्यासाचा विषय आहे. सर्वांत लोकप्रिय प्रकार 'बायको माहेरी गेली'. त्यात नवरा नाचतो. दुसरा 'लाटणं'. त्यात नवरा पळतो. तिसरा 'साडीचं दुकान', त्यात नवरा बाहेरच्या खुर्चीवर म्हातारा होतो. चौथ्यात नवरा देवाकडं काहीतरी मागतो आणि देव म्हणतो, तेवढं सोडून बोल, मीही लग्न केलंय.

हे सगळे विनोद एकत्र करून वाचले तर एक देश दिसतो. तिथं पैसा बायकोच्या हातात आहे, फोनचा पासवर्ड बायकोच्या हातात आहे, शस्त्रंही बायकोच्या हातात आहेत आणि पुरुष नावाची दीनवाणी जमात भांडी घासत कशीबशी जगते आहे. मला या देशाचा नकाशा पाहिजे. कारण काका रात्री साडेनवाला 'बायकोपुढं कुणाचं चाललंय?' असा विनोद टाकतात आणि नऊ एकतीसला, त्याच खुर्चीतून, मान न वळवता म्हणतात, "दूध आण गं." काकी दूध आणते. दूध ठेवून स्वतःचा फोन उघडते आणि त्या विनोदाखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे टाकते. बार्शी तिथे सरशीवर मी हसते ना, तेच हसणं. काकीचा सराव माझ्यापेक्षा जुना आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. विनोदातल्या बाईच्या हाती जेवढी सत्ता आहे, तिच्या निम्मी मला एखाद्या कागदावर दाखवा. सातबारा चालेल, घराची करपावती चालेल, गाडीचं आरसी बुक चालेल. रेशनकार्ड दाखवू नका, ते मी बघितलंय.

आता कुणी म्हणेल, ही मुलगी विनोदावर रुसलेली दिसते. उलट आहे. मी आमच्या विभागाच्या इन्स्टाग्राम पानासाठी मीम बनवते आणि त्या पानावर लोक आलेच तर मीमसाठी येतात, प्रमाण विचलनासाठी येत नाहीत. पितृसत्ता हा शब्द मी वक्तृत्व स्पर्धेत पाठ केला, पण तिचा चेहरा मला मीममध्येच दिसला. मुळात मीमची कल्पना रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञानं १९७६ साली मांडली, तेव्हा इंटरनेटचा पत्ता नव्हता. जनुकं जशी स्वतःच्या नकला काढत पिढ्यान्‌पिढ्या पुढं जातात, तशा कल्पना, चाली, सवयी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत जातात, आणि जी जास्त सहज चिकटते ती टिकते. ती खरी असावी लागते असं त्यात कुठंही नाही. काकांच्या फॉरवर्डचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही.

'पप्पाची परी' घ्या. परी स्कूटी घेऊन निघते, ब्रेक असताना पाय घासत थांबते, उजवा इंडिकेटर देऊन डावीकडं वळते. आमच्या वर्गातल्या मुलांनी हे व्हिडिओ इतके पाहिलेत की मी गाडीची किल्ली काढली तरी कुणीतरी "बाजूला व्हा रे" म्हणतं. रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. अपघातात मरणाऱ्यांत शंभरातले ऐंशीहून कितीतरी जास्त पुरुष असतात. हे मी सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "पण गाड्या चालवतातच पुरुष जास्त." बरोबर आहे, छेदात काय आहे ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मला त्याच्या आधी ठाऊक होतं. फक्त परीच्या व्हिडिओखाली छेदाची चौकशी करताना तो मला कधी दिसला नव्हता, म्हणून जरा भरून आलं.

नाहीतर ते मांजराचं मीम. डावीकडं एक बाई बोट दाखवत, रडवेल्या तोंडानं किंचाळते आहे, दुसरी तिला धरते आहे. उजवीकडं जेवणाच्या टेबलाशी एक पांढरा बोका तुच्छतेनं बसलाय. २०१९ साली ही दोन चित्रं कुणीतरी शेजारी शेजारी ठेवली आणि जगभर हसू फुटलं. मराठीत तर ते जणू आपल्याच घरचं असल्यासारखं रुळलं. बाईवर 'बायको' लिहायचं आणि बोक्यावर 'मी'. बोका कॅनडातला, नाव स्मज, त्याचं काही म्हणणं नाही. बाई मात्र एका अमेरिकन रिअॅलिटी शोमधली आहे आणि तो प्रसंग २०११ चा आहे. तिचा नवरा तिला मारतो ही गोष्ट चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर बोलली गेली होती, त्यातून पेटलेल्या भांडणात ती ओरडते आहे. म्हणजे नवऱ्याच्या माराबद्दल ओरडणाऱ्या बाईच्या फोटोवर जगभरचे नवरे 'बायको उगाच ओरडते' असं लिहून एकमेकांना पाठवतायत. हे कळल्यावर मी ते चित्र वापरायचं सोडलं. बोका एकटा वापरते. एकटाही तो पुरेसा नवरा दिसतो.

दुसरं प्रसिद्ध चित्र तर सगळ्यांना पाठ आहे. मुलगा मैत्रिणीचा हात धरून चाललाय, मान वळवून दुसऱ्या मुलीकडं बघतोय आणि मैत्रीण अवाक्. तो फोटो स्पेनमधला. स्वीडनमध्ये एका कंपनीनं नोकरभरतीच्या जाहिरातीत तो वापरला. मुलगा म्हणजे तुम्ही, हातातली मुलगी म्हणजे सध्याची नोकरी आणि लाल कपड्यातली म्हणजे आमची कंपनी. तिथं जाहिरातींवर लक्ष ठेवणारं एक मंडळ आहे. त्या मंडळानं २०१८ साली हे लिंगभेदी ठरवलं, बायका म्हणजे जुनी देऊन नवी घेण्याच्या वस्तू वाटतात म्हणून. ही बातमी मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली तर पहिली प्रतिक्रिया आली: "स्वीडनवाल्यांना दुसरी कामं नाहीत." दुसरी एका मुलीची होती: "मग मुलगी नोकरी शोधत असेल तर ती कुठं उभी राहणार त्या फोटोत?" या प्रश्नाला ग्रुपवर अजून उत्तर आलेलं नाही. रात्री बारानंतरही जागा असणारा ग्रुप आहे, पण त्या दिवशी सगळे लवकर झोपले.

मग मी एक गंभीर मीम बनवलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७. शिवाय ही ९७ मिनिटं जे करतात त्यांची आहेत. मुळात करणारे पुरुष शंभरात साधारण २६, बायका ८१. मी एका बाजूला 'बायको माहेरी गेली'चं नाचणारं चित्र लावलं आणि खाली लिहिलं: 'आणि मग २९९ मिनिटं कुणी केली?' हसणाऱ्यांत माझी खोलीतली मैत्रीण आणि विभागाच्या एक मॅडम होत्या, आणि मॅडमचा अंगठा चुकून लागला असावा. बाकी खाली 'सोर्स?' असं विचारलं गेलं. बायको माहेरी गेल्यावर नवरा नाचतो याचा सोर्स आजवर कुणी विचारलेला नाही. एक मुलगा मात्र मनापासून पुढं आला. म्हणाला, "सगळे पुरुष सारखे नसतात. मी घरी आईला मदत करतो." मी विचारलं, "कशात?" तो म्हणाला, "मी माझं ताट उचलतो." कुणीतरी त्याला टाळ्यांचं चित्र पाठवलं. ते खरं होतं की खोटं, मला अजून कळलेलं नाही.

याच दिवसांत आत्यानं तिच्या मुलीचा, म्हणजे ताईचा, बायोडाटा बनवायला सांगितला. "तुला कॉम्प्युटरवर ते फुलाफुलांचं येतं ना, तसं कर." ताई सीए आहे. वरती गणपती, त्याखाली मुलीचे नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण, उंची, वर्ण. वर्णाला आत्यानं 'निमगोरा' सांगितलं आणि ताईनं 'फोटोत बघा' सांगितलं. मग वडील, वडिलांचा व्यवसाय, भाऊ, चुलते, मामा, मामांची गावं, इतर पाहुण्यांची आडनावं. शिक्षण आणि नोकरी मिळून दीड ओळ झाली, नातेवाईक पुरुषांचं अर्धं पान. ताई ते वाचून म्हणाली, "यातला कुणाचाही जॉब मला नकोय, माझाच कुठं टाकलास?" मी तिचा पगार मोठ्या अक्षरात टाकला. आत्यानं तो लहान केला. मुलाचा त्याहून कमी असला तर लोक घाबरतात म्हणे. विनोदातली लाटणंवाली बाई एवढ्या वर्षांत कुणाला घाबरवू शकली नाही, ते काम ताईच्या सॅलरी स्लिपनं एका ओळीत केलं.

मीम मुलांची आणि गंभीर पोस्ट मुलींच्या, अशी वाटणी आमच्या कॉलेजात झालेली दिसते. ती मला मान्य नाही, कारण आमच्याकडं हा माल जुना आहे. उखाणा म्हणजे दुसरं काय असतं? सांगाडा तयार, मोकळ्या जागेत आपल्या नवऱ्याचं नाव घाला. 'भाजीत भाजी मेथीची, अमुकराव माझ्या प्रीतीचे' हा उखाणा किती जणींनी किती जणांच्या नावानं वापरला असेल, मेथीलाच ठाऊक. कर्ता अज्ञात, बदल चालतात, जी ओळ तोंडात बसते ती टिकते. डॉकिन्सला मेथीची जुडी पाठवायला हवी होती. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. पहिली ओळ सगळ्यांची, दुसरीत आपलं दुःख. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी फिरून सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. सासू, दीर, माहेर, दारुड्या नवरा, सगळं त्यात आहे. पहाटेच्या अंधारात, पीठ पाडता पाडता, नवरा झोपलेला असताना रचलेलं. त्यांना फाटकावर सही करून जायचं नव्हतं, कारण त्या कुठं जातच नव्हत्या.

हे सगळं मी दिवाळीच्या सुट्टीत आजीला सांगितलं. आजी नवऱ्याचं नाव घेत नाही. आजोबांना ती 'हे' म्हणते, फार राग आला तर 'तुमचे आजोबा' म्हणते, जणू आम्हीच त्यांना घरी आणलंय. नाव फक्त उखाण्यात. मी म्हटलं, आजी, कागदपत्रांवर एखादा उखाणा होऊ दे. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "कागदावर कसला गं उखाणा." दोन शेंगा फोडल्या आणि म्हणाली, "लाव तुझं ते रेकॉर्डिंग."

*रेशनकार्डावर माझा फोटो, सातबाऱ्यावर यांचं नाव,*
*अमुकरावांनी एकदा तरी तलाठ्याकडं जावं.*

अमुकच्या जागी आजोबांचं नाव होतं, खणखणीत आवाजात. मी तो ग्रुपवर टाकला. काकांनी हसणारे चेहरे टाकले आणि विचारलं, "मस्त आहे, कुठून आलं फॉरवर्ड?" काकीनं चेहरे टाकले नाहीत. तिनं तो तिच्या माहेरच्या ग्रुपवर पाठवला, एवढं मला पुढं कळलं. आजोबांनी दोनदा ऐकला, पोट धरून हसले आणि "आपल्या जुन्या बिल्लेवाल्यांच्या ग्रुपवर टाक गं, त्यांना पटेल" म्हणाले.

तलाठ्याकडं अजून कुणी गेलेलं नाही. उखाणा मात्र येडशी, मुरूड करत लातूरला गेला. तिथून मावशीनं तो मला परत पाठवला तेव्हा आवाज गळून पडला होता. गुलाबाच्या फुलावर टाइप केलेल्या दोन ओळी होत्या आणि त्यांखाली कवी म्हणून एका थोर, दिवंगत विनोदी लेखकाचं पूर्ण नाव होतं. मी आजीला फोन करून वाचून दाखवलं.

आजीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोण गं हे? त्यांच्याबी बायकूचं नाव सातबाऱ्यावर न्हाई वाटतं."